बघ्यांच्या गर्दीत पहिला हात कोणाचा?

तुळशी पाइप रोड, म्हणजे सेनापती बापट मार्ग. माटुंग्याकडून दादर, प्रभादेवी, लोअर परळ असा रेल्वेच्या रुळांना धरून जाणारा रस्ता. पावसाळ्यात तिथे पाणी भरते हे गिरणगावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. या एकाच रस्त्यावरच्या दोन घटना आम्ही आज शेजारी शेजारी ठेवणार आहोत.

२९ ऑगस्ट २०१७. मुंबईत धो धो पाऊस. पोटाच्या विकारांचे नावाजलेले डॉक्टर दीपक अमरापूरकर यांची गाडी पाण्यात अडकली. घर जवळच प्रभादेवीला, म्हणून ते उतरून चालू लागले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याला सापडला. साचलेले पाणी जावे म्हणून ते झाकण उघडलेले होते, असे पुढे तपासात समोर आले.

ऑगस्ट २०२०. पुन्हा तसाच पाऊस, तोच रस्ता, माटुंग्याचा भाग. फुले विकून पोट भरणारी, पदपथावरच राहणारी एक बाई. पाणी वाहून जावे म्हणून तिनेही मॅनहोलचे झाकण उघडले. पण उघडून ती निघून गेली नाही. कोणी माणूस, कोणी गाडी त्यात जाऊ नये म्हणून सात तासांच्या आसपास ती त्या भोकाशी उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने बाजूला वळवत राहिली. त्याच पावसात तिचे स्वतःचे सामान वाहून गेले होते. तिचा व्हिडिओ तुमच्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिला असेल.

ती का उभी राहिली? ‘मनच मोठे’ असे म्हणून आपण हात जोडतो आणि विषय संपवतो. असे म्हटले की आपल्याला काही करावे लागत नाही. मोठे मन तिचे, आपले आहे तेवढे बरे! पण माणूस कधी मदतीला धावतो आणि कधी नुसता बघत राहतो, याचा मानसशास्त्रात साठ वर्षे अभ्यास झाला आहे. त्यातून निघालेली गोष्ट अशी, की मदत होणे न होणे हे मनाच्या आकारावर कमी आणि त्या वेळच्या परिस्थितीवर जास्त अवलंबून असते. परिस्थिती बदलता येते. म्हणूनच हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कोणी दाबली नाही, तर दर मिनिटाला त्याच्या वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी त्याआधीची मिनिटे शेजाऱ्याच्या हातात असतात. नाहीतर बघ्याच्या.

या अभ्यासाची सुरुवात एका खुनापासून झाली. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज नावाच्या तरुणीचा रात्री तिच्या घराजवळ खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि एकानेही पोलिसांना कळवले नाही, असे तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने छापले. साऱ्या जगाने शहरी माणसाला शिव्या घातल्या. पुढे कळले की ती बातमी फुगवलेली होती. बहुतेकांना नीट दिसलेच नव्हते, आणि एक शेजारीण तर धावत खाली येऊन तिला कवेत धरून बसली होती. (वर्तमानपत्राने छापले म्हणजे खरे, हा समज आपल्या समाजाने तरी केव्हाच सोडलेला आहे.) पण त्या बातमीने जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांना विचारात पाडले. इतके लोक असून कोणी आले नाही, की इतके लोक होते म्हणूनच कोणी आले नाही?

१९६८ मध्ये त्यांनी प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून एकमेकांशी बोलायला सांगितले. बोलता बोलता त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज येई. तो आवाज आधी रेकॉर्ड केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. आपण एकटेच हे ऐकतो आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के फिट चालू असतानाच मदतीसाठी बाहेर धावले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटले तेव्हा ६२ टक्के. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटले तेव्हा फक्त ३१ टक्के. माणसे त्याच विद्यापीठातली, तशीच. फरक एवढाच, की दुसरेही आहेत हे त्यांना ठाऊक होते. आणि जे बाहेर आले नाहीत ते थंड बसले होते असेही नाही. त्यांच्या हातांना घाम फुटला होता, काहींचे हात थरथरत होते. जावे की न जावे यातच ते अडकून पडले होते.

यालाच बघ्याचा परिणाम म्हणतात. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते, आणि चिमूटभर जबाबदारीने कोणी जागचा हलत नाही. वस्तीतला सार्वजनिक नळ गळत असतो, शंभर जण पाणी भरून जातात, वॉर्ड ऑफिसला तक्रार कोणीच करत नाही. तसेच हे.

दुसरी एक गोष्ट याहून फसवी आहे. काय घडते आहे ते कळेनासे झाले की माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. दादर स्टेशनच्या पुलावर एक माणूस भिंतीला टेकून बसला आहे, मान खाली. दारू प्यायला असेल? झोपला असेल? की साखर कमी झाली, की छातीत कळ आली? आपण बाजूच्याकडे पाहतो, तो शांत. तो आपल्याकडे पाहतो, आपणही शांत. दोघेही मनातून बावरलेले, पण चेहऱ्यावर काही नाही, आणि त्यामुळे दोघांचीही समजूत होते की काळजीचे कारण नसावे. लाताने-डार्ली यांनी एका खोलीत धूर सोडून हेच पाहिले. खोलीत एकटा असलेला माणूस चारात तीन वेळा उठून सांगायला गेला. शेजारी दोन निर्विकार माणसे मुद्दाम बसवली, तेव्हा दहात एकच उठला. बाकीचे डोळे चोळत धुरात बसून राहिले.

मग त्यांनी पायऱ्या मांडल्या. आधी ते दिसले पाहिजे. मग ते संकट आहे हे कळले पाहिजे. मग ‘हे माझे काम आहे’ असे वाटले पाहिजे. मग काय करायचे ते माहीत पाहिजे. आणि शेवटी हात पुढे झाला पाहिजे. कुठलीही एक पायरी निसटली की माणूस बघ्या होतो.

आता त्या फुलवालीकडे परत पाहा. रस्ता तिचा रोजचा, म्हणून पाण्याखाली काय आहे ते तिला दिसत होते. उघडे मॅनहोल म्हणजे मरण हे तिला कोणी समजावून सांगायला नको होते. झाकण तिने उघडले होते, त्यामुळे ‘दुसरे कोणी बघेल’ म्हणायला जागाच नव्हती. आणि करायचे काय, तर उभे राहायचे. चारही पायऱ्या पायाखाली होत्या. पाचवी तिची स्वतःची, तिथे आम्ही तिला वंदन करतो. मात्र ‘गरीब माणूसच खरा मदत करतो’ हे जे नेहमीचे वाक्य आहे, ते आम्हाला पटत नाही. अमेरिकेत एका संशोधनाने तसे म्हटले, नंतर दुसऱ्यांनी तपासले तर तसे दिसले नाही. गरिबीला गुण म्हणून गौरवायचे आणि गरीब आहे तिथेच ठेवायचा, हा जुना डाव आपण ओळखतो.

घाईचेही असेच आहे. १९७३ मध्ये प्रिन्स्टनला ख्रिस्ती धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन त्यांना भाषण करायचे होते. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असे सांगितले होते, त्यांतले केवळ १० टक्के. त्यांच्यातल्या काहींचे भाषण तर वाटेतल्या जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या गोष्टीवरच होते! आपल्याकडे सकाळची लोकल चुकली की अर्धा दिवस कापला जातो. कंत्राटी सफाई कामगार, वॉर्डबॉय, घरकाम करणारी ताई यांना थांबणे परवडत नाही. त्यांना निर्दयी म्हणण्याआधी अर्धा दिवस कापणाऱ्याकडे बोट दाखवावे, असे आमचे मत आहे.

गर्दी म्हणजे वाईटच, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. डॉ. अमरापूरकर गेले त्याला बरोबर एक महिना झाला होता. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणारा अरुंद पूल, अचानक आलेला पाऊस, जिन्यात अडकलेली माणसे. चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. तेव्हा काहींनी लिहिले की माणसे माणसांना तुडवून गेली. हे आम्हाला अन्यायाचे वाटते. अशा जिन्यात मागच्याला पुढचे दिसत नाही. तो धक्का देत नसतो, त्यालाच मागून धक्का बसत असतो. छाती दाबली जाऊन श्वास बंद होतो आणि माणूस उभ्या उभ्या मरतो. दोष पुलाच्या रुंदीचा असतो, आणि त्या पुलाबद्दल प्रवासी वर्षानुवर्षे तक्रारी करत होते. त्याच दिवशी लोकांनीच लोकांना बाहेर ओढून काढले, आणि केईएममध्ये रक्त हवे आहे हे कळताच रक्त द्यायला माणसे आली. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतही रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसे सर्वांत आधी पोचली. घरातल्या चादरी आणून त्यांचे स्ट्रेचर केले. लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला भुयारी रेल्वेत स्फोट झाले, त्यातून वाचलेल्यांशी जॉन ड्ररी आणि त्यांचे सहकारी बोलले, तेव्हा त्यांनाही हेच आढळले. एकमेकांना न ओळखणारे प्रवासी अंधारात एकमेकांना धीर देत होते. संकट उघड असले आणि ‘आपण सगळे यात आहोत’ असे वाटले की गर्दीतला परकेपणा गळून पडतो.

आणखी ताजा पुरावा आहे. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या भांडणांचे २१९ कॅमेरा-चित्रण संशोधकांनी तपासले. दहापैकी नऊ घटनांत कोणी ना कोणी मध्ये पडलेच होते. आणि बघे जितके जास्त, तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त. प्रत्येकाचा संकोच गर्दीत वाढतो हे खरे, पण गर्दीत तो पहिला एक जण सापडण्याचा संभवही वाढतो.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर हेच आपण दरवर्षी पाहतो. लाखोंचा समुदाय, रात्रभराचा प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या आया, उन्हात रांग. एखादी माउली चक्कर येऊन खाली बसली तर बघ्यांचे कडे होत नाही. कोणी पाणी आणते, कोणी हाताला धरून डॉक्टरांच्या मंडपाकडे नेते. कारण तिथे समता सैनिक दलाचा गणवेश घातलेला माणूस उभा असतो आणि हे माझे काम आहे हे त्याला माहीत असते. जबाबदारी वाटली जाऊन पातळ होत नाही, ती कोणाच्या तरी नावावर असते. आणि दुसरे कारण, रांगेतला प्रत्येक जण आपला वाटतो.

‘आपला’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. २००५ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन यांनी फुटबॉलवेड्या तरुणांवर प्रयोग केला. सगळे मँचेस्टर युनायटेडचे चाहते. त्यांच्यासमोर धावणारा एक माणूस पाय मुरगळून पडे. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असला की बहुतेक जण मदतीला जात. लिव्हरपूलचा, म्हणजे शत्रूचा, शर्ट असला की फार थोडे. मग दुसऱ्या वेळी आधीच त्यांच्याशी ‘फुटबॉलप्रेमी सगळे एक’ अशा धर्तीवर बोलणे केले. तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टालाही मदत मिळाली. साधा शर्ट घातलेला मात्र तसाच पडून राहिला. ‘आपण’ची रेघ सरकली तसा हात सरकला, पण रेघेबाहेरचा बाहेरच.

आपल्याला हे शिकायला विलायतेत जायला नको. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात काठेवाडातल्या एका शाळामास्तराची हकिकत दिली आहे. ती १९२९ मध्ये पत्ररूपाने ‘यंग इंडिया’त छापून आली होती. मास्तरांची बाळंत पत्नी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार होईना. शेवटी दोन रुपये फी आणि रोगिणीला वस्तीबाहेर आणायचे या अटीवर आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. तपासणी झाली ती दुरूनच, दिव्याच्या उजेडात. ती बाई वाचली नाही. त्या डॉक्टरला संकट दिसले होते, कळले होते, उपायही माहीत होता. पायरी निसटली ती तिसरी, आणि ती त्याच्या एकट्याच्या मनातून निसटली नव्हती. समाजाने ती आधीच काढून ठेवली होती. बडोद्याला पारशी खाणावळीतून बाहेर काढल्यावर बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघेही मनाने वाईट नव्हते, पण दोघांनीही निमित्त सांगितले. परळ-लालबागच्या गिरण्यांत एकाच संपात खांद्याला खांदा लावणारे कामगार विणखात्यात आपल्या माणसाला उभे राहू देत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना तो प्रश्न काढावा लागला.

पण हा आरसा फक्त दुसऱ्याला दाखवायचा नाही. आपल्या वस्तीत काल भाड्याने आलेला परप्रांतीय, रोज दारू पिऊन पडणारा, सिग्नलवर टाळी वाजवणारी तृतीयपंथी, क्षयाचे औषध घेणारी सून, यांच्यासाठी आपले पाऊल तितक्याच चटकन उचलते का? विनयपिटकातली गोष्ट पुष्कळांनी विहारात ऐकली असेल. अतिसाराने आजारी एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला होता. भगवंतांनी इतरांना विचारले, याच्याकडे कोणी का पाहत नाही? उत्तर आले की हा कोणाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन बिछान्यावर ठेवले. मानसशास्त्र ज्याला परतफेडीचा नियम म्हणते, तो त्या भिक्खूंना अडीच हजार वर्षांपूर्वी आडवा आला होता. आणि १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले पोर पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई, त्याच प्लेगाने १० मार्चला गेल्या. त्यांनी ना परतफेड पाहिली, ना रेघ.

घरातल्या मारहाणीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. चाळीत, बैठ्या घरांत भिंत कसली? आवाज सगळ्यांना येतो. तरी ‘नवराबायकोचा मामला’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला जातो. १९७६ मध्ये अमेरिकेत याचाही प्रयोग झाला. एक पुरुष एका बाईला ओढतो आहे असे दृश्य उभे केले. ती ‘मी तुला ओळखत नाही’ असे ओरडली तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. ‘तुझ्याशी लग्न का केले’ असे ओरडली तेव्हा १९ टक्के. मार तोच, फक्त नात्याचे नाव बदलले. असा आवाज आला तर एकट्याने मध्ये पडावे असे आम्ही म्हणत नाही, त्यात धोका असतो. दोन-तीन घरांतल्या बायकांनी मिळून दार ठोठवावे, साखर मागायचे निमित्तही चालते, आणि ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक लावावा. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. दवाखान्यात गेल्यावर त्याची चौकशी करता येते.

आता भीतीकडे येऊ. रस्त्यावर अपघात झाला की आपल्या पोरांना आपणच सांगतो, पुढे जाऊ नकोस, पोलिसांचे लफडे लागेल. ही भीती काल्पनिक नाही, आणि आपल्या वस्तीतल्या पोरांनी पोलिस चौकीचा अनुभव घेतलेला आहे. पण कायदा बदलला आहे तो माहीत असू द्या. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांसाठीच्या सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्याप्रमाणे रस्त्यावरच्या अपघातात कोणी चांगल्या हेतूने, स्वतःहून मदत केली आणि त्यात काही चूक होऊन जखमीचे बरेवाईट झाले, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. जखमीला दवाखान्यात पोचवून तुम्ही निघू शकता. नाव, पत्ता, फोन नंबर सांगण्याची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचे की नाही ते तुमच्या इच्छेवर. दवाखाना तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही की तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. आणि दवाखाना सरकारी असो वा खासगी, पोलिसांची वाट न पाहता जीव वाचवण्याचे उपचार आधी केले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगून ठेवले आहे. काउंटरवर कोणी ‘आधी पोलिस आणा’ म्हणाले तर हे नाव आणि साल ठामपणे सांगावे.

संकट आपल्यावरच आले तर? मग बघ्याचा परिणाम मोडण्याची युक्ती आपल्या हाती आहे. ‘कोणीतरी मदत करा हो’ असे ओरडले की ते कोणालाच उद्देशून नसते. एका माणसाकडे बोट करावे आणि काम सांगावे. ‘निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही एकशे आठला फोन लावा. ताई, तुम्ही यांचे डोके धरा.’ दादांच्या नावावर काम लागले की ते बघे राहत नाहीत. मागायची लाज वाटते हे आम्हाला ठाऊक आहे, शतकानुशतके हात पसरायला लावलेल्या समाजाला ती जास्तच वाटते. पण जीव वाचवायला माणूस नेमणे म्हणजे हात पसरणे नव्हे.

काय करायचे ते माहीत नसणे, ही चौथी पायरी. तिथे आपल्याकडे चुकीच्या समजुती फार. फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूचे टोकदार सामान बाजूला करावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, झटके थांबले की कुशीवर वळवावे. पाच मिनिटांहून जास्त चालले तर थेट दवाखाना. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि सारखे उचलून बघू नये. भाजले तर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. पावसात विजेचा धक्का लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. माणूस हलवून, हाक मारून उठत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोरात आणि भरभर दाबावे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतके. दमला की दुसऱ्याने घ्यावे. तोंडाने श्वास द्यायला शिकलेले नसाल तर नुसते दाबलेले चालते.

एका प्रकारची मदत मात्र कोणाच्या व्हिडिओत येत नाही. परळला टाटा रुग्णालयाभोवती गावाहून आलेल्या रुग्णांच्या बायका, आया, बहिणी महिनोन्‌महिने पदपथावर काढतात. काहींना दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मिळतो. घरातही अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सगळे एकटी सून करते आणि तिला ‘सेवाभावी’ म्हटले की बाकीचे मोकळे. हाही बघ्याचा परिणामच, फक्त घरातला. स्वखुशीने केलेल्या मदतीने मदत करणाऱ्याचेही मन हलके होते, पण लादलेल्या आणि एकटीवर पडलेल्या सेवेने झोप उडते, चिडचिड होते, रक्तदाब वाढतो. आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या कोणाच्या नावावर लावावा, आणि तो दुसरा पुरुष असला तरी चालतो. मन फारच खचले असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

१९७८ मध्ये अमेरिकेत आणखी एक छोटा अभ्यास झाला. विद्यार्थ्यांना बघ्याच्या परिणामावर फक्त एक व्याख्यान दिले. दोन आठवड्यांनी वाटेत पडलेल्या माणसाजवळ, व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ४३ टक्के थांबले. न ऐकलेल्यांपैकी २५ टक्के. म्हणून हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवावे.

आणि विहारात एक कागद लावावा. स्ट्रेचर कोणाच्या घरी ठेवले आहे, नसेल तर कोणाची घोंगडी आणि कोणाचे बांबू. रात्रीची टॅक्सी कोण काढेल. छाती दाबण्याचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे. कोणाचा रक्तगट काय. मीटरबॉक्सची किल्ली कोणाकडे. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि ते बाहेरगावी असले तर दुसरे नाव. ‘सर्व कार्यकर्ते’ असे लिहू नये. १०८ ला पत्ता सांगताना नुसता खोली क्रमांक सांगून भागत नाही, रस्त्यावरून दिसणारी खूण सांगावी, आणि फोन लावून झाला की एका मुलाला टॉर्च देऊन गल्लीच्या तोंडाशी उभे करावे. रुग्णवाहिका आत येत नाही, आणि रात्री आमची गल्ली कुठली हे ड्रायव्हरला सांगणारे तिथे कोणी नसते.